पुढच्या दारानं आलेली बाई

लढाई संपली, माणसं परतली, आणि मग लक्षात आलं की परतायला घरंच पुरेशी नाहीत. लग्नं तर कुणासाठी थांबत नाहीत. तेव्हा नदीपलीकडच्या मोकळ्या माळावर सरकारनं भराभर घरं उभी केली. एकच नकाशा काढला नि तोच छापत सुटले, असं लोक म्हणायचे. दोन घरांत मिळून एक भिंत, खाली स्वयंपाकघर आणि बसायची खोली, वर झोपायच्या दोन खोल्या, पुढे वीतभर बाग, मागे अंगण, कोळशाची कोठी आणि कपडे वाळत घालायची तार. भाडं साध्या कामगाराच्या खिशाला सोसेल असं. शहरातली जुनी माणसं या घरांना काडेपेट्या म्हणायची. म्हणू देत. घरोघरी मातीच्या चुली असतात, इथे तर घरोघरी एकाच मापाची चूल, एकाच कोपऱ्यात, आणि वारा फिरला की सगळ्या गल्लीच्या डोळ्यांत एकदम धूर.

त्यातल्या एका काडेपेटीत काजवाली नवी नवरी म्हणून राहायला आली, ती आज म्हातारी झाली तरी तिथेच आहे. तिचं खरं नाव भाड्याच्या पावतीपुरतं. पूल ओलांडला की शहराचा मधला भाग लागतो, तिथल्या शर्टांच्या कारखान्यात ती काजं करायची, म्हणून काजवाली. बटण काय कुणीही लावतं, असं तिचं म्हणणं, पण काज बिघडलं की शर्टाचा सगळा रुबाब गळ्यापाशीच उसवतो. कामाला चालत जायची, चालत यायची. वरच्या खोलीच्या खिडकीतून शहरातला घड्याळाचा मनोरा दिसायचा, म्हणून घरात घड्याळ असं तिनं कधी घेतलंच नाही. धुकं पडलं की मात्र पंचाईत. मग सगळी गल्ली एकमेकांना किती वाजले विचारत बसायची, कारण मनोऱ्याच्या भरवशावर ती एकटीच नव्हती.

नवरा ट्राम चालवायचा. लढाईत तोफेशेजारी उभं राहून त्याचा डावा कान गेला होता. अर्धा संसार ह्यांना ऐकूच येत नाही, म्हणून तर टिकलाय, असं ती चारचौघींत सांगायची आणि तो उजव्या कानानं ऐकून हसायचा.

आणि भिंतीपलीकडच्या अर्ध्या घरात रेडिओ. म्हणजे शेजारीण. वयानं मोठी, पोरं हाताशी आलेली, आणि गल्लीत कुणाच्या घरी दूध उतू गेलं तरी ते शेवटच्या घरापर्यंत पोचवायची जबाबदारी हिची. रेडिओ हे नाव लोक तिच्या तोंडावरच घ्यायचे. तिला राग नव्हता. बंद करायचं बटण तेवढं बसवायचं राहिलंय, असं ती स्वतःच म्हणायची. काजवाली तिला ताई म्हणायची, आणि तापात पडली तर पाणी द्यायला ताईच येणार, हे तिला ठाऊक होतं.

आता या गल्लीची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. घरं बांधून झाली तेव्हा पुढच्या बाजूचा रस्ता व्हायचा होता. पहिला हिवाळा पुढच्या दारात नुसता चिखल. मागच्या बोळात मात्र कुणी शहाण्यानं कोळशाची राख पसरली होती, म्हणून सगळे मागून ये-जा करू लागले. पुढे रस्ता झाला, चांगला डांबरी झाला, पण पायांना लागलेली सवय काही सुटली नाही. पाहुणे मागून, दूधवाला मागून, भांडण झालं तर तेही मागून. पुढच्या दारानं येणारा माणूस एकतर काही विकायला आलेला, नाहीतर कुणाला न्यायला. न्यायला येणाऱ्याला थोपवता येत नाही. विकायला येणाऱ्याला येतं, आणि ते काम शेजाऱ्याचं. पुढच्या दारावर टकटक झाली की घरच्यांनी श्वास धरून गप्प बसायचं, आणि शेजारणीनं खिडकीतून डोकं काढून सांगायचं की त्या घरात कुणी नाही, गावाला गेलेत. ब्रशवाले, विमावाले, जाडजूड पुस्तकं गळ्यात मारणारे, सगळे असेच परत जायचे. हा शेजारधर्म. बाकीच्या बायका आपलं साधं खोटं बोलायच्या. रेडिओचं खोटं मात्र भरजरी. एका विमावाल्याला तिनं सांगितलं होतं की या घरातला माणूस तुमच्याच कंपनीत मोठा साहेब आहे आणि त्याला दारावर आलेले विमावाले आवडत नाहीत. तो टोपी सांभाळत पळाला.

काजवालीनं तर पुढच्या दाराला आतून शिवणाचं मशीनच लावून ठेवलं होतं. नवरा दर वर्षी दाराला बाहेरून रंग द्यायचा, न उघडता. रंगावर रंग चढून दार चौकटीला असं चिकटलं होतं की दार कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते ते नखानं शोधावं लागे.

तर असं सगळं सुखाचं. एकच गोष्ट नव्हती. घर दोघांना पुरून उरायचं, आणि जे उरायचं तेच तिला खुपायचं. वरची धाकटी खोली रिकामी होती. दोनदा आशा लागली आणि दोनदा गेली. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं, आता पुन्हा नको. गल्लीतल्या बायका सूपाची भांडी घेऊन आल्या, हात धरून बसल्या, चांगल्याच वागल्या. पण सूप संपतं, कीव संपत नाही. कितीतरी महिने तिला बघून बायका आपली तान्ही दुसऱ्या खांद्यावर घ्यायच्या. तेव्हा तिनं मनाशी ठरवलं, यापुढे आपल्या पोटातलं ओठांवर आणायचं नाही. आणि रेडिओला तर मुळीच नाही.

कारखान्याच्या वाटेवर एक बालगृह होतं. लढाईनं उघड्यावर आणलेली मुलं तिथे राहायची. सकाळी ती दोघादोघांच्या रांगेत शाळेला निघायची, सगळ्यांना एकसारखे राखाडी कोट. काजवालीचं लक्ष आधी कोटांच्या काजांवर जायचं. घाईनं केलेली, उसवलेली, दोरे लोंबताहेत. काही दिवस तिनं नुसती काजंच पाहिली. मग काजांच्या वरचे चेहरे दिसायला लागले, आणि मग वाट बदलावी की काय असं वाटायला लागलं.

वाट न बदलता तिनं नवऱ्याला सांगितलं, त्यातलं एक पोर घरी आणू या. पहिल्यांदा सांगितलं ते नेमकं बहिऱ्या बाजूनं. तो हो हो म्हणाला आणि पेपर वाचत राहिला. ती उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसली आणि पुन्हा सांगितलं. पेपर खाली आला. 

"वरच्या खोलीची खिडकी फार करकरते," तो म्हणाला. "ती आधी नीट करावी लागेल."

हेच त्याचं हो.

मग अर्ज झाला, दोघं जाऊन बालगृहातल्या बाईंना भेटून आली. बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि सांगितलं की आमच्यातल्या एक पाहणीवाल्या बाई घर बघायला येतील, गुरुवारी दुपारी. त्यांनी हो म्हटलं तर पुढे बघू. त्यांनी नाही म्हटलं तर बाकी कशाचा उपयोग नाही.

गुरुवारची तयारी काजवालीनं अशी केली की चोरानंसुद्धा एवढी गुपचूप केली नसती. पडदे धुतले ते उन्हाळ्याचं निमित्त सांगून. धाकट्या खोलीत कॉट आणली ती नवऱ्याचा भाऊ येणार म्हणून. कारखान्यातून रजा घेतली ती दाढदुखीची. गुरुवारी केक भाजला, मागचं अंगण घासूनपुसून लख्ख केलं, मागच्या फाटकाच्या बिजागरीला तेल घातलं, आणि दोघं धुतल्या कपड्यांत स्वयंपाकघरात मागच्या दाराकडे तोंड करून बसली. कोण कुठून येतं हा विचारच मनात आला नाही. माणसं मागूनच येतात.

दुपार कलायला लागली आणि पुढच्या दारावर टकटक झाली.

काजवालीनं कपाळाला हात लावला. आज नेमका कुणीतरी विकायला कडमडला. तिनं नवऱ्याला ओठांवर बोट ठेवून गप्प बसवलं, उकळतं आधण चुलीवरून बाजूला घेतलं. पुन्हा टकटक. दोघं मूर्तीसारखी बसली. तेवढ्यात शेजारची वरची खिडकी उघडल्याचा आवाज आला, आणि रेडिओ सुरू झाली. भिंतीतून शब्द कळत नव्हते, पण सूर कळत होता. चांगला लांबलचक कार्यक्रम चालला होता. काजवालीला मनातून बरं वाटलं. ताई आहे म्हणून, नाहीतर बाई मागून यायच्या आणि हा विकणारा पुढून ठोकत असायचा, घराची काय शोभा राहिली असती.

थोड्या वेळानं फाटक वाजलं, पावलं दूर गेली. तिनं आधण पुन्हा चुलीवर ठेवलं. आणि दोघं वाट बघत बसली. केकवर झाकण घातलं, काढलं, घातलं. मनोऱ्याचे ठोके पडत गेले. कुणी आलं नाही.

कंदील लावायच्या वेळेला रेडिओ मागच्या दारानं आत आली, खुर्ची ओढली आणि न विचारता केकचा तुकडा उचलला.

"आज तुझा जीव वाचवलाय मी," ती म्हणाली. "विकणारी बाई होती. आता बायका पाठवायला लागलेत मेले. करडी टोपी, हातात कातडी पिशवी, आणि बोलणं असं गोड की मध पण लाजेल. मी म्हटलं, ही साध्या खोट्यानं जायची नाही."

काजवालीच्या हातातला कप हवेतच राहिला. "काय सांगितलंस तू तिला, ताई?"

रेडिओनं केक चावत चावत सगळं सांगितलं. आपल्या कामाचं कौतुक होणार या भरवशावर एकही शब्द गाळला नाही. या घरात खरूज आहे, हे आधी सांगितलं. बाई हलली नाही. मग सांगितलं, नवरा लढाईवरून डोक्यात फरक पडून आलाय, हाताला लागेल ते फेकतो, मागच्या वेळी एकाची पिशवी गटारात गेली. तरी बाई उभीच. आणि मग त्या बाईनं विचारलं, यांना मुलांची आवड आहे का हो?

"मी ओळखलं, ही मुलांची पुस्तकं विकणार. म्हटलं, इथे घाव घालायला पाहिजे. सांगितलं तिला, मुलं? डोळ्यांसमोर नको असतात तिला. बोळात पोर दिसलं की बादलीभर पाणी अंगावर ओतते. तेव्हा गेली."

नवऱ्यानं नेमका उजवा कान पुढे केलेला होता, त्यामुळे त्यालाही सगळं ऐकू गेलं. काजवालीनं कप खाली ठेवला.  ती उठली, रेडिओला जिन्यानं वर घेऊन गेली आणि धाकट्या खोलीचं दार उघडून दाखवलं. नवी कॉट, पायाशी घडी केलेलं छोटं पांघरूण, खिडकीला निळा पडदा. नवऱ्याच्या भावाला पुरेल एवढी ती कॉट नव्हती.

रेडिओ बघत राहिली. 

"मला का नाही सांगितलंस गं," एवढंच ती म्हणाली.

"तुला सांगायचं म्हणजे गल्लीला सांगायचं," काजवाली म्हणाली. "आणि परत सूप आणायला लागाल सगळ्या."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. रागवायचं कुणावर? टकटक ऐकून श्वास तर दोघांनीही धरला होता.

दुसऱ्या दिवशी दोघी पूल ओलांडून बालगृहात गेल्या. रेडिओनं आपली लग्नाकार्यातली टोपी घातली होती आणि वाटभर एक शब्द बोलली नव्हती, त्यामुळे पुलावर भेटलेल्या मासेवालीनं हिची तब्येत बरी आहे ना असं विचारलं. पाहणीवाल्या बाई टेबलामागे बसल्या होत्या. करडी टोपी खुंटीवर. रेडिओनं सगळं कबूल केलं. खरूज नाही, फेकाफेक नाही, हा माणूस तर मुंगीला वळसा घालून ट्राम नेईल, आणि ही पोरगी म्हणजे गल्लीतलं सोनं आहे. बोलता बोलता गाडी सुटली आणि ती म्हणाली की या बाईएवढी मुलांची माया साऱ्या शहरात कुणाला नसेल.

पाहणीवाल्या बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाई, कालही तुम्ही असंच शपथेवर सांगितल्यासारखं बोललात. यातलं कुठलं धरू मी?"

रेडिओनं आपली टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग काजवाली बोलली. तिला चांगलं बोलता येत नव्हतं, शिक्षण चार अक्षरांचं. तिनं गल्लीची रीत सांगितली. चिखल, राख, मागचा बोळ, पुढचं दार, सगळं. आणि म्हणाली, "ही खोटं बोलली ते माझ्यासाठीच. माझ्यासाठी खोटं बोलणारं एक माणूस मला आहे, एवढं तरी खरं धरा."

बाईंच्या तोंडावर काही दिसलं नाही. त्या म्हणाल्या, येईन मी पुन्हा. कधी ते सांगणार नाही.

परत येताना रेडिओनं विचारलं, आता गल्लीला सांगू का? काजवाली म्हणाली, आता लपवायला उरलंय काय. आणि पूल संपायच्या आत निम्म्या गल्लीला कळलं होतं. कसं ते रेडिओलाच माहीत.

त्यानंतर जे झालं ते गल्ली अजून हसून सांगते. आधी काजवालीच्या नवऱ्यानं पुढचं दार मोकळं करायला घेतलं. सुरी घेतली, पटाशी घेतली, रंगाच्या थरांची सालपटं निघाली, हिरवी, तपकिरी, पुन्हा हिरवी, झाडाच्या वयाच्या कड्यांसारखी. शेवटी त्यानं मशीन बाजूला सरकवलं, आतून खांदा दिला आणि दार उघडलं, पण चौकटीची एक फळी सोबत घेऊन. ती ठोकली.  दार दिवसभर उघडं ठेवायचं ठरलं. मग बाकीच्यांना वाटलं, एकाच घराचं दार उघडं दिसलं तर बाईंना नाटक वाटेल, म्हणून सगळ्यांनीच आपापली दारं उघडली. कितीतरी घरांत बसायच्या खोलीत पहिल्यांदाच सकाळचं ऊन आलं आणि तिथली धूळ बघून बायका हबकल्या.

आणि पाहणीवाल्या बाई वेष पालटून येतील किंवा दुसऱ्याच कुणाला पाठवतील, या धास्तीनं गल्ली येईल त्या परक्या माणसाला हात धरून आत बसवायला लागली. पहिला आला तो ब्रशवाला. इतकी वर्षं बिचाऱ्याच्या तोंडावर खिडक्या आपटलेल्या, आता घरोघरी चहा. तिसऱ्या घरात त्याला रडू आलं म्हणतात. त्यानं आपल्या धंद्यातल्या भावांना सांगितलं, मग विमावाला आला, पुस्तकवाला आला, चाकूला धार लावणारा आला. रेडिओनं प्रायश्चित्त म्हणून जाड पुस्तकांचा पहिला खंड घेतला. पुढचे खंड घ्यायचे नाहीत हे तिचं आधीच ठरलं होतं, त्यामुळे तिचं ज्ञान पहिल्या काही अक्षरांपाशीच अडलं. पण तेवढ्यातलं विचाराल ते सांगायची.

एवढ्यावर थांबली असती तर ती रेडिओ कसली. काजवालीला मुलं आवडतात हे दिसायला हवं, म्हणून ती गल्लीतली पोरं पाळीपाळीनं काजवालीच्या स्वयंपाकघरात पाठवायला लागली. संध्याकाळी कामावरून घरी यावं तर तीन पोरं हात धुऊन, भांग पाडून, ओळीनं बसलेली. काजवाली त्यांना पाव-लोणी द्यायची, काय करणार. एकदा त्यातल्या पावाच्या भट्टीवाल्याच्या मुलानं खाऊन झाल्यावर तिला सरळच विचारलं, "काकू, आम्ही अजून किती दिवस तुम्हाला आवडायचंय?"

दिवस गेले, आठवडे गेले. बाई आल्या नाहीत. नव्याचे नऊ दिवस म्हणतात तसं एकेक पुढचं दार पुन्हा बंद व्हायला लागलं. विकणाऱ्यांचा चहा बंद झाला. काजवालीचं दार मात्र उघडंच होतं, पण तिचं मन हळूहळू मिटत चाललं होतं. धाकट्या खोलीत ती जाईनाशी झाली. कारखान्याला जाताना रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं चालायची. नवरा काही विचारायचा नाही. एके दिवशी त्यानं आपण होऊन त्या नीट केलेल्या खिडकीला पुन्हा तेल घातलं, आणि ते बघून तिला जास्तच वाईट वाटलं.

मग एका सोमवारी ती आजारी म्हणून घरी होती. खरी आजारी नव्हती. धुणं साठलं होतं आणि मन लागत नव्हतं. मागच्या अंगणात बादल्या भरून बसली होती, तेवढ्यात तोच भट्टीवाल्याचा पोरगा बोळातून रडत आला. कोळशाच्या कोठीत मांजर शोधायला शिरला होता आणि डोक्यापासून पायापर्यंत असा काळा झाला होता की फक्त डोळे त्याचे म्हणून ओळखू येत होते. आई मारेल म्हणाला. मारेलच, काजवाली म्हणाली, मी असते तर मीही मारलं असतं. तिनं त्याला धरला, शर्ट काढला, साबण लावला, मान चोळली, कान पिरगाळून आतून धुतले, आणि सगळा वेळ त्याला तोंडानं सोलत होती. मांजरीला अक्कल आहे, तुला नाही. मांजर अंग चाटून साफ करते, तुला कोण चाटणार? पोरगा आधी रडत होता, मग मांजरीचं ऐकून हसायला लागला, आणि हसताना साबण तोंडात गेला म्हणून थुंकायला लागला. तेव्हा तिनं बादली उचलली आणि सगळी त्याच्या डोक्यावर ओतली. पोरगा ओरडला, "अजून एक!"

पाठीमागे स्वयंपाकघरात पावलं वाजली. पुढून कुणीतरी आत आलं होतं. कुणीतरी विकायला, दुसरं कोण.

"आज काही नको आम्हाला," ती मागे न बघता म्हणाली. "आणि आलाच आहात तर तो खुर्चीवरचा टॉवेल द्या इकडे, हा गारठतोय."

टॉवेल आला. तिनं पोराचं डोकं पुसलं, पाठ पुसली, त्याला टॉवेलात गुंडाळून उचलला आणि वळली. समोर करडी टोपी होती.

बादली उलटी पडलेली, पोर उघडं, आपले हात कोपरापर्यंत काळे, आणि कानांत रेडिओचे शब्द. काजवालीला वाटलं, झालं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

पाहणीवाल्या बाई पोराकडे बघत होत्या. पोरगा काजवालीच्या गळ्यात हात टाकून त्यांच्याकडे बघत होता.

"पोरांच्या अंगावर पाणी ओतता हे ऐकलं होतं मी," बाई म्हणाल्या. "ते आणखी मागतात हे नव्हतं सांगितलं कुणी." आणि मग, "चहा आहे का हो? पुलावर वारा फार."

त्या बराच वेळ बसल्या. धाकटी खोली बघितली, खिडकी उघडून लावून बघितली. करकरली नाही. जाताना त्यांना पुढून जायचं की मागून, असं काजवालीनं विचारलं. त्या म्हणाल्या, आले तशी जाते, तुमच्या त्या ताई खिडकीत उभ्या आहेत, त्यांना बघू दे. रेडिओ खरंच उभी होती, आणि तिनं स्वतःच्या तोंडावर स्वतःचाच हात घट्ट दाबून धरला होता.

बालगृहातून पोरगी आली तेव्हा थंडीची सुरुवात होती. सहाएक वर्षांची असेल. राखाडी कोट, हातात कापडी पिशवी, वेण्या घट्ट. काजवालीनं तिच्या कोटाची काजं पहिल्याच रात्री पुन्हा केली. पोरगी शहाणी होती, फार शहाणी. बस म्हटलं की बसायची, ऊठ म्हटलं की उठायची. सूप आवडलं का? हो बाई. आणखी हवं का? हो बाई. झोप आली का? हो बाई. जेवल्यावर आपली ताटली धुऊन पालथी घालून ठेवायची आणि पुढच्या हुकमाची वाट बघत भिंतीशी उभी राहायची. सकाळी उठावं तर हिचा पलंग आवरलेला, पिशवी भरून पायाशी ठेवलेली. रोज.

गल्ली म्हणाली, केवढी गुणी. रेडिओ म्हणाली, अगं, नशीब काढलंस, माझी तीन मिळून एवढी गुणी नव्हती. काजवाली हो म्हणायची आणि आतून तिचा जीव थोडा थोडा व्हायचा. घरात पोर आलं, पण ते पाहुणं आलं होतं. भरलेल्या पिशवीचं घर कसं होणार? नवऱ्याला तिनं उजव्या कानात सांगितलं, ही आपल्याला घाबरते हो. तो म्हणाला, घाबरत नाही, परीक्षा देतेय. नापास झालो तर परत पाठवतील असं वाटतं तिला. ट्रामवर नवा कंडक्टर आला की असाच करतो, सगळ्यांना दोनदा सलाम.

मग कडाक्याची थंडी पडली. रेडिओनं पोरीसाठी स्वेटर विणून आणला. प्रेमानं विणला होता, पण लोकर अशी की हात लावला तरी खाजावं, आणि रंग उकडलेल्या कोबीचा. काजवालीनं सकाळी शाळेच्या वेळी तो पोरीच्या डोक्यातून घालायला घेतला.

"नको," पोरगी म्हणाली.

काजवाली थांबली. "काय म्हणालीस?"

पोरीनं भिंतीकडे एक पाऊल मागे घेतलं.  पण तोंडातून निघालेला शब्द काही तिनं परत घेतला नाही. "नको. टोचतो. आणि घाण दिसतो. मी नाही घालणार."

"बाहेर बर्फ आहे."

"असू दे."

"शेजारच्या मावशीनं विणलाय."

"मग मावशीलाच घाल."

 काजवालीनं स्वेटर खुर्चीवर टाकला, तोंडाला एप्रन लावला आणि मागच्या अंगणात पळाली. शेजारच्या अंगणात रेडिओ कोळसा भरत होती. काजवालीच्या डोळ्यांतून पाणी वाहताना बघून तिच्या हातातलं फावडं पडलं.

"काय झालं गं? पोरगी पडली?"

"नको म्हणाली, ताई," काजवाली म्हणाली. "स्वेटर घालणार नाही म्हणाली. घाण दिसतो म्हणाली."

रेडिओनं कमरेवर हात ठेवले. "मी महिनाभर डोळे फोडून विणला, आणि तू रडतेस की हसतेस हेच मला कळत नाही."

काजवालीलाही कळत नव्हतं. पाहुणं पोर कधी नको म्हणत नाही, एवढंच तिला कळलं होतं. आत स्वयंपाकघरात पोरगी खुर्चीवर चढून लोणी लावलेला दुसरा पाव न विचारता घेत होती आणि नवरा, नेमका डावा कान तिच्याकडे करून, पेपर वाचत बसला होता.

स्वेटर शेवटी भट्टीवाल्याच्या मांजरीला अंथरायला गेला. रेडिओनं ते गल्लीला आठवडाभर सांगितलं, आणि दर वेळी सांगताना त्यात पोरीच्या तोंडचं एकेक नवं वाक्य घातलं. त्या सकाळी मात्र पोरीला शाळेला उशीर झाला होता. काजवालीनं तिचा कोट वरपर्यंत बटणं लावून बंद केला, वरून स्वतःचा मफलर गुंडाळला, तो नको म्हणायला तिनं पोरीला वेळच दिला नाही, आणि दोघी हात धरून भांडत भांडत पुलाच्या दिशेनं निघाल्या.